हॅवलॉक आणि नील: आधी तिथी पाहा, मग तिकीट काढा

पुण्यातून अंदमानला निघणारी बहुतेक कुटुंबं आधी स्वस्त विमान शोधतात, मग हॉटेल, मग बोट. समुद्राचा विचार होतो तो थेट किनाऱ्यावर उभं राहिल्यावर. हा क्रम उलटा करायला हवा. पांढऱ्या वाळूचे हे किनारे भरतीला आणि ओहोटीला ओळखू येणार नाहीत इतके वेगळे दिसतात. सकाळी जिथे छातीभर निळं पाणी होतं, तिथे दुपारी गुडघाभर पाणी, शेवाळ आणि काळपट खडक उघडे पडलेले असतात. ‘फोटोत दिसतं तसं काहीच नव्हतं’ असं म्हणत परतणारे लोक बहुधा चुकीच्या वेळी योग्य किनाऱ्यावर गेलेले असतात.

नावांबद्दल एकदाच सांगून ठेवतो. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोटीच्या आणि विमानाच्या तिकिटांवर जुनं-नवं यांपैकी कुठलंही नाव दिसू शकतं, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा. खाली जुनी नावं वापरली आहेत, कारण रिक्षावाल्यापासून बोटवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून तीच आहेत.

तारीख कशी ठरवायची

महिना ठरवणं सोपं आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, अंदमानात पोहोचतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हवा छान मिळू शकते, पण बोटी रद्द होण्याची शक्यता धरून चालावं लागतं. समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी सगळ्यात नितळ असतं ते फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. शाळेच्या परीक्षा आड येत नसतील तर हेच दिवस धरा.

आता त्या महिन्यातली तारीख. भिंतीवरचं कॅलेंडर समोर घ्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात मोठा, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे तो फरक सगळ्यात कमी, हे कोकणात जाणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यात एक बारकावा आहे. सगळ्यात मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला न येता एक-दोन दिवस उशिरा येतं, आणि भांगही तसाच नवमी-दशमीकडे सरकतो. पोर्ट ब्लेअरला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण किनाऱ्यालगतचं प्रवाळाचं पठार जवळजवळ सपाट असल्याने पाणी आडवं कितीतरी लांब मागे जातं.

मोठ्या ओहोटीला काय दिसतं? नीलवरच्या ‘लक्ष्मणपूर दोन’ या किनाऱ्यावरची नैसर्गिक खडककमान, आणि तिथल्या खड्ड्यांत अडकलेले मासे, खेकडे, सागरी काकड्या. भांगाच्या दिवसांत काय साधतं? पाण्याला ओढ कमी, गाळ कमी ढवळला जातो, म्हणून स्नॉर्केलिंग आणि पोहणं. आणि अंधाऱ्या रात्री काय मिळतं? हॅवलॉकच्या खारफुटीलगत वल्हं मारलं की पाण्यात उजळणारे सूक्ष्मजीव. चांदणं असेल तर ते जवळपास दिसतच नाहीत.

तिन्ही गोष्टी एका सहलीत बसवता येतात, फक्त कृष्ण पक्ष निवडावा लागतो आणि बेटांचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. कृष्ण द्वितीयेला पोर्ट ब्लेअर. तृतीया आणि चतुर्थीला नील, कारण तेव्हा उधाणाचा जोर टिकून असतो. पंचमीला हॅवलॉक आणि तिथे तीन रात्री. पाण्याची ओढ रोज कमी होत जाते, आणि चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवत असल्याने संध्याकाळी सातनंतरचे दोन तास काळोख मिळतो. अष्टमीला परत पोर्ट ब्लेअर, नवमीला विमान. सात रात्री होतात. रजा कमी असेल तर नीलची एक रात्र कापा, हॅवलॉकची नको.

तिथीवरून भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा आडाखा, म्हणजे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हा कोकण किनाऱ्याचा आहे. तो अंदमानात लावू नका. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर स्वतंत्र दिलेलं असतं. मोबाइलवरच्या कुठल्याही चांगल्या टाइड ॲपमध्येही ते ठिकाण निवडता येतं. आपल्या तारखांच्या चारही वेळा, म्हणजे दोन भरती आणि दोन ओहोटी, कागदावर उतरवून घ्या आणि नीलच्या दिवसांतली एक ओहोटी उजेडात येते ना, ते आधी पाहा. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

घड्याळ पुण्याचं, सूर्य तिथला

पोर्ट ब्लेअर पुण्याच्या सुमारे १९ अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. त्यामुळे तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, सव्वापाच-साडेपाचला काळोख. पुण्याच्या सवयीने नऊला नाश्ता, अकराला बाहेर, चारला ‘आता बीचवर जाऊ’ असं केलंत तर हातात तासभर उजेड उरतो. तिथे माथ्यावर सूर्य येतो तो सव्वाअकराच्या आसपास. पाण्याचा फिरोजी रंग तळाच्या पांढऱ्या वाळूवरून परतलेल्या उजेडाचा असतो, म्हणून तो सकाळी साडेआठ ते दुपारी एक या वेळात सगळ्यात खुलतो आणि ढग आला की विझतो. पाचला उठायची तयारी ठेवा. संकष्टी धरणाऱ्यांनीही नोंद घ्यावी: नीलवर चंद्रोदय पुण्याच्या कॅलेंडरात छापलेल्या वेळेच्या साधारण सव्वा तास आधी होतो.

तिकिटं

लोहगावहून चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्याला उतरून पुढचं विमान घ्यायचं. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर दोन-सव्वादोन तासांचं उड्डाण आहे. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटं कधी हजार-दीड हजारांनी स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची कुठलीच जबाबदारी नसते, आणि सामानही मधे उतरवून पुन्हा द्यावं लागतं. सकाळी पोर्ट ब्लेअरला पोहोचणारं विमान घ्या. त्या दिवशी लगेच दुपारची बोट धरण्याचा मोह होतो, तो टाळा. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही आणि पुढची सगळी आखणी कोसळते. ती दुपार सेल्युलर जेलला द्या. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं हे कारागृह, सावरकर १९११ ते १९२१ पर्यंत इथे होते. मराठी माणसाला घाईत उरकावंसं वाटणार नाही. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढून ठेवा.

विमानानंतर लगेच बोटीचं आरक्षण, आणि त्याच्याही नंतर हॉटेल. खासगी वेगवान बोटी बऱ्याच आधीपासून आरक्षित करता येतात. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक त्या सुमारे दीड तास घेतात. सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास घेते, तिकीट बरंच स्वस्त, डेकवर उभं राहून समुद्र पाहता येतो, पण जागा प्रवासाच्या अगदी थोडे दिवस आधी खुल्या होतात आणि स्थानिकांना त्यांची गरज आपल्यापेक्षा जास्त असते. कुटुंब सोबत असेल तर खासगीच बरी. कुठल्या धक्क्यावरून सुटते ते तिकिटावर नीट वाचा. खासगी बोटी बहुधा हॅडो धक्क्यावरून सुटतात आणि सरकारी फिनिक्स बेवरून; चुकीच्या धक्क्यावर उभं राहिल्याने बोट चुकल्याची उदाहरणं कमी नाहीत. सुटायच्या तासभर आधी पोहोचा, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलांचं आधारसुद्धा, हातात असू द्या.

परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. यात तडजोड करू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात, कधी सलग दोन दिवस, आणि त्या बेटांवरून येण्याचा दुसरा व्यवहार्य रस्ता सामान्य प्रवाशाला नाही. सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच गमावतात.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. डोकं गरगरायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. ॲव्होमिनने झोप येते, मुलांना देण्याआधी डॉक्टरांना विचारा. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यापासून मागे घ्या; पुढच्या टोकाला हेलकावा सगळ्यात मोठा. सकाळी इडली किंवा कोरडा ब्रेड, चहा-कॉफी उतरल्यावर.

कुठला किनारा कशासाठी

आपल्या कोकणातली वाळू बसाल्टच्या झिजेतून आलेली, म्हणून करडी-काळपट. इथली वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पॅरटफिश हा मासा मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडताना प्रवाळही चावतो आणि पांढरी भुकटी बाहेर टाकतो. बरीच वाळू अशी तयार होते. ती उजेड परतवते, म्हणून भर दुपारीही पाय फारसे पोळत नाहीत, पण तोच उजेड खालून चेहऱ्यावर येतो. टोपी घालूनही हनुवटी आणि नाकाखालचा भाग भाजतो, हे आधी कुणी सांगत नाही.

राधानगर हॅवलॉकच्या पश्चिमेला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. सुमारे दोन किलोमीटर लांब, मागे उंच महुआचं जंगल. २०२० मध्ये भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, त्यांत हा होता. इथे पुढे प्रवाळाचं पठार नाही, वाळू हळूहळू खोल जाते, त्यामुळे ओहोटीलाही पोहता येतं. भरती-ओहोटी जुळत नसेल त्या दिवशी डोळे झाकून इथे या. सूर्यास्ताला गर्दी होते. सकाळी सातला गेलात तर किनारा जवळपास तुमचा एकट्याचा असतो.

याच्या उलट पूर्वेचे किनारे. गोविंदनगर आणि विजयनगर, म्हणजे तीन आणि पाच नंबर, इथे बहुतेक रिसॉर्ट आहेत. जाहिरातीत ‘बीचफ्रंट’ लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण ओहोटीला पाणी दूर जातं आणि खडकांवरून चालत जाऊन पोहणं शक्य नसतं. राहायला उत्तम, सूर्योदयाला उत्तम, पोहायला फक्त भरतीच्या आगेमागे दोन तास. काळापत्थरचंही तेच, सकाळी जा, फोटो काढा, नारळपाणी प्या, पुढे चला.

एलिफंट बीच स्नॉर्केलिंगसाठी. जेट्टीवरून छोट्या बोटीने किंवा जंगलातून अर्धा-पाऊण तास चालत. बोट सोपी आहे, पण चढता-उतरताना पाण्यात उतरावं लागतं, गुडघेदुखी असलेल्यांनी ते लक्षात घ्यावं. पहिल्या बोटीने जा. दहानंतर इतकी माणसं पाण्यात असतात की वाळू ढवळून दिसणं कमी होतं.

नील लहान आहे, सायकलवर दिवसात फिरून होतं. भरतपूर जेट्टीलगतच, उथळ आणि शांत, लहान मुलांसाठी दोन्ही बेटांत सगळ्यात चांगलं, पण भरतीलाच. सीतापूर पूर्व टोकाला, सूर्योदयासाठी, तिथे लाटा ओढतात म्हणून पोहू नका. लक्ष्मणपूर एक सूर्यास्तासाठी. लक्ष्मणपूर दोनच्या कमानीला ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. खडक टोकदार आणि निसरडे आहेत. स्लीपर घालून गेलेल्यांचे पाय हमखास कापतात. पट्ट्याची सँडल किंवा जुने बूट घाला.

पाण्यात

पुण्यातल्या टिळक तरणतलावावर वर्षानुवर्षं पोहणाऱ्यालाही समुद्र नवा असतो. किनाऱ्यापासून बाहेर ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर त्याच्याविरुद्ध हात मारू नका, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहा. प्रवाह सहसा अरुंद असतो, त्याच्या कडेला पडलात की लाटांबरोबर आत या. लाल झेंडा असेल तर पाणी कितीही शांत दिसो, उतरू नका.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही अंदमानातली खरी गोष्ट आहे. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये मगरीने एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव घेतला. पोहायला खाडीची तोंडं, खारफुटी, गढूळ पाणी आणि संध्याकाळची वेळ टाळा. फलक लावलेले आहेत, त्यांच्या पलीकडे जाऊ नका.

स्नॉर्केलचा मास्क भाड्याने मिळतो, पण चेहऱ्याला न बसणारा मास्क सगळा दिवस वाया घालवतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर बसतो. मिशी असेल तर नाकाखालची पातळ रेघ कापून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. नवा मास्क घेतला तर काचेच्या आतून साधी पांढरी टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर धुकं धरत राहतं. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आधीच विचारून ठेवावा. पुण्यातच एखाद्या तरणतलावात नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा दोन-तीनदा सराव केलात तर तिथे पहिला अर्धा तास घाबरण्यात जात नाही.

प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका. फांदीचं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, गोलसर जातीचं त्याहून कितीतरी कमी. एका पावलात ते मोडतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. त्याने पाठ भाजत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागतं. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं निवडा, ऑक्सीबेन्झोन प्रवाळाला घातक आहे.

स्कूबासाठी पोहता येणं गरजेचं नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांना जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात, वय किमान १०. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि कानाला तो पहिल्या दोन मीटरमध्येच जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकी हवा दाबायची, दुखायच्या आधी, दर मीटरला. दुखायला लागल्यावर जोर केला तर पडद्याला इजा होते. खूण करून थोडं वर या. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, नाक मोकळं करणारी गोळी घेऊनही नाही, कारण तिचा असर पाण्यात उतरला तर कान अडकतो. दमा, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया फॉर्मवर खरी लिहा. आणि डायव्ह झाल्यावर विमानात बसण्यापूर्वी एका डायव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डायव्हनंतर १८ तास जाऊ द्यायचे असतात. वरच्या आखणीत स्कूबा षष्ठीला ठेवा, म्हणजे हवा बिघडली तर सप्तमी हाताशी राहते.

बरोबर काय, परत काय

दोन्ही बेटांवर एटीएम मोजकी आहेत आणि कधी रिकामी असतात. रोख पोर्ट ब्लेअरला काढा. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये आल्यापासून हॅवलॉकचं नेटवर्क सुधारलं आहे, पण नीलवर ऑनलाइन पैसे जातीलच असं धरू नका. बोटीची आणि हॉटेलची तिकिटं छापून ठेवा. स्कूटर भाड्याने घ्यायची तर मूळ परवाना लागतो. रोजची औषधं पूर्ण दिवसांची आणि वर चार दिवसांची जास्त घ्या, कारण बोट रद्द होऊन अडकलात तर तुमची औषधं बेटावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. वाळूमाशी चावली तर आठवडाभर खाज सुटते. वाळूवर थेट न बसता चटई घ्या आणि पायाला खोबरेल तेल किंवा कीटक पळवणारं मलम लावा. शाकाहारी जेवण सहज मिळतं. हॅवलॉकला फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं वसली, त्यामुळे भात, डाळ, भाजी सगळीकडे आहे. पोळीची सवय असलेल्यांनी दशम्या किंवा ठेपले नेले तर पहिले दोन दिवस सोपे जातात.

अंदमान भूकंपप्रवण आहे. २६ डिसेंबर २००४ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. उभं राहणं कठीण व्हावं इतका जोराचा किंवा बराच वेळ टिकणारा धक्का जाणवला, किंवा ओहोटीची वेळ नसताना समुद्र झपाट्याने मागे गेला, तर सूचनेची वाट न पाहता उंच जागेकडे चाला. हॉटेलात पोहोचताच चढाचा रस्ता कुठे आहे ते विचारून ठेवा.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळू यांतलं काहीही उचलून आणू नका. कठीण प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेल्या तुकड्यालाही, आणि विमानतळावर सामान त्यासाठी तपासलं जातं. दुकानातून शंख घेतलात तर पावती जपून ठेवा. मुलांचे खिसे आणि बुटांचे कोपरे शेवटच्या रात्री पोर्ट ब्लेअरला स्वतः तपासा, सकाळी रांगेत उभं राहिल्यावर बॅग उपसायची वेळ येऊ देऊ नका.